रिकामी म्हणू नये

धारूरचा घाट उतरून आलं की एक बाजाराचं गाव लागतं. तिथे मन्मथप्पा शेटे यांचं भांड्यांचं दुकान होतं. भांड्याच्या दुकानाची एक अडचण असते. माल सगळा पोकळ, आणि गिऱ्हाइकाच्या हातात रिकामं भांडं द्यायचं नाही अशी रीत. म्हणून गादीशेजारी तांदळाचा एक डबा असे. विकलेल्या प्रत्येक घागरीत, परातीत, अगदी प्लॅस्टिकच्या बादलीतसुद्धा मन्मथप्पा चार दाणे टाकत. "प्लॅस्टिकला काय कळतंय, शेटजी?" असं एकदा एक जण म्हणाला. "बादलीला न्हाई कळत," मन्मथप्पा म्हणाले, "पर मला कळतंय ना."

दुकानात जी रीत, तीच घरात जरा जास्त. घरात दानम्माचं राज्य होतं आणि तिच्या राज्यात गेल्या पस्तीस वर्षांत कुठलीही वस्तू संपली नव्हती. कुंकू वाढे, बांगडी वाढे, दिवा शांत होई. तांदळाचा डबा तळाला लागला की दानम्मा दाराशी येऊन म्हणे, "अवो, डबा भरलेला हाय." मन्मथप्पा मुकाट्याने पिशवी उचलत. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी हे वाक्य एकदा खरं धरलं होतं आणि त्या दिवशी नुसत्या आमटीवर जेवले होते. पुन्हा तशी चूक झाली नाही.

तर अशा घरात एक बंदूक होती.

बारा बोअरची दुनळी. वडिलांना निजामाच्या अमदानीत मिळालेली. पहिला परवाना उर्दूत होता. तो वाचून दाखवणारे मौलवीसाहेब चेष्टेने म्हणत, "शेटजी, इसमें लिखा है के चलाओ मत." ही सूचना घराण्याने पाळली होती. रझाकारीच्या धामधुमीत बंदूक कडब्याच्या गंजीत लपून बसली आणि म्हणून वाचली. तिच्या नावावर शौर्याची तेवढीच नोंद. पुढे वडिलांनी ती एकदा माकडावर धरली. माकड जागचं हललं नाही, उलट नीट निरखून बघू लागलं, तेव्हा वडिलांनाच लाज वाटून ते घरात आले.

मन्मथप्पांना बंदुकीची हौस नव्हती. पण गावात शेट्यांची घरं दोन. एक पत्रावळीवाले शेटे आणि एक बंदुकीवाले शेटे. बंदूक गेली तर आपल्याला काय म्हणतील, हा विचार त्यांच्या मनात अधूनमधून येई आणि मग परवान्याचं नूतनीकरण करायला ते तहसिलीत रांगेत उभे राहत.

शिवाय ती घरी असे तरी किती? निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची असा दंडक, आणि त्या वर्षांत निवडणुका लागत त्या खोकल्यासारख्या. दिल्लीत सरकार पडलं की इकडे मन्मथप्पा बंदूक फडक्यात गुंडाळून ठाण्याची वाट धरत. ठाण्यातले जमादार सुंदरराव न बघता पावती लिहीत, 'दुनळी एक, रिकामी', आणि शिक्का मारत. निकाल लागून आचारसंहिता उठली की मन्मथप्पा तीच पावती देऊन बंदूक परत आणत. जाताना गुडघे दुखत, येताना जास्त दुखत. वयही साठीच्या पुढे सरकलं होतं.

देशाने पोखरणला चाचणी केली त्या वर्षीची गोष्ट. मे महिना. मन्मथप्पांची एकुलती एक लेक रोहिणी लातुरात शाळेत शिकवत असे. ती सुटीला पाच वर्षांच्या वर्षाराणीला घेऊन आली होती. पोरीला सगळे राणीच म्हणत. एके दिवशी सकाळी मन्मथप्पा पेपरात वाचत होते की, आपल्याकडे आता बाँब आहे पण तो वापरायचा नाही, नुसता असू द्यायचा. हे धोरण त्यांना ओळखीचं वाटलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून खरखर आवाज आला आणि राणी ओसरीवर आली. कपाटाच्या मागे उभी केलेली दुनळी तिने बाहेर ओढली होती आणि तिच्यावर टांग टाकून बसली होती.

"आज्जोबा, घोडा!"

बंदुकीलाही घोडे असतात. या दुनळीला दोन होते, पण पंचवीस पावसाळ्यांच्या गंजाने ते जागीच बसले होते.

रोहिणी हातात चहाची कपबशी घेऊन बाहेर येत होती. ती ओरडली नाही. कपबशी खाली ठेवली, पोरीला उचललं आणि आत जाऊन बॅग भरायला घेतली.

"अगं, रिकामी हाय ती!" मन्मथप्पा मागे मागे गेले, आणि आपण काय शब्द बोललो ते कळून जीभ चावली.

"रिकामी म्हणू नये," स्वयंपाकघरातून दानम्मा म्हणाली. "भरलेली हाय म्हणावं."

"बरं, भरलेली हाय."

"अप्पा," रोहिणी बॅगेची चेन ओढत म्हणाली, "भरलेली असो, रिकामी असो. ती या घरात आहे तोवर राणी इथे येणार नाही."

दुपारच्या एस.टी.ने मायलेकी गेल्या.

दानम्मा यावरून भांडली नाही. भांडली असती तर बरं, असं मन्मथप्पांना पुढे कितीदा वाटलं. राणीची एक छोटी स्टीलची ताटली होती, काठाला मोर असलेली. दानम्मा ती रोज सकाळी घासू लागली. घासायची, पुसायची, पालथी घालायची. कोणी न जेवलेली ताटली रोज घासली जाते, हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आलं नसतं. पण भांडीवाल्याच्या येतं. दोन महिने मन्मथप्पांनी ती ताटली बघितली. मग एके दिवशी चौकातल्या एस.टी.डी. बूथवर जाऊन लातूरला जावयाला फोन लावला.

जावई केदारनाथ बँकेत होता. सगळ्या गोष्टींवर तोडगा असतो असं मानणारा माणूस.

"मामा, तुम्ही ट्रेनिंग घ्या. बीडला आठ दिवसांचा वर्ग असतो, सर्टिफिकेट देतात. ट्रेनिंग झालेल्या माणसाच्या घरात बंदूक असणं वेगळं. आमच्या बँकेच्या वॉचमनलाही दिलं."

"मंग काय फरक पडला?"

"पडला ना. आधी तो बंदूक मांडीवर घेऊन झोपायचा. आता भिंतीला टेकवून झोपतो."

मागून रोहिणीचा आवाज आला. तिने फोन घेतला. "अप्पा, ट्रेनिंग घ्या नाहीतर नका घेऊ. दिवाळीला आम्ही येतो. बॅग दारात ठेवीन. तुम्ही काय बंदोबस्त केलाय ते मला दाखवायचं. पटलं तर चार दिवस राहू. नाही पटलं तर त्याच पावली परत, आणि मग पुन्हा विषय काढायचा नाही."

एवढं सगळं आता त्या आठ दिवसांवर येऊन ठेपलं.

वर्ग शहराबाहेरच्या एका जुन्या खदानीत भरे. विद्यार्थी सात. एक ठेकेदार, एक निवृत्त तलाठी मोहनराव, कारखान्याचे एक संचालक (हे जीपमधून उतरत नसत), आणखी असेच. आणि शेवटी मन्मथप्पा, कपाळाला भस्म, डोक्याला टोपी, हातात डबा. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार माणिकराव जोगदंड. उंच, वाळलेला माणूस. आवाज इतका खालचा की ऐकण्यासाठी सगळ्यांना जवळ जावं लागे. बहुधा त्याच हेतूने त्यांनी तो तसा ठेवला होता.

"पहिली गोष्ट," सुभेदार पहिल्या दिवशी म्हणाले, "बंदूक हातात घेतली की मधून मोडायची, म्हंजी बिजागरीशी उघडायची, अन् नळीत डोळा घालायचा. दुसऱ्याला देताना मोडून दाखवायची. सक्ख्या भावानं दिली तरी मोडायची. दुसरी गोष्ट. बंदूक रिकामी हाय, असं कधी म्हणायचं न्हाई. भरलेली हाय, असंच म्हणायचं."

मन्मथप्पांचा चेहरा उजळला. आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं कानावर आलं होतं.

"हे तर आमच्या घरी पस्तीस वर्षं चालू हाय, साहेब."

"बंदुकीबद्दल?"

"तांदळाबद्दल."

सुभेदार म्हणाले, "शेटजी, ह्यात अन् त्यात फरक हाय बरं का."

"हाय की," मन्मथप्पा म्हणाले. आणि मनातल्या मनात त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच डब्यात ठेवल्या.

तीन दिवस नुसतं मोडणं आणि जोडणं चाललं. चौथ्या दिवशी तेल कसं द्यायचं, गंज कसा काढायचा. पाचव्या दिवशी पाच-पाच बार. मन्मथप्पांच्या फळीवर एकही भोक पडलं नाही. शेजारच्या मोहनराव तलाठ्यांच्या फळीवर मात्र पाच गोळ्यांत सहा भोकं निघाली.

"ही सहावी कोणी मारली बे?" ठेकेदार ओरडला.

"राहू द्या," मोहनराव म्हणाले. "जन्मभर सातबाऱ्यावर हेच केलं आपण. ज्याचं त्याच्या नावावर कधी पडलं?"

सहाव्या दिवशी सुभेदारांनी मन्मथप्पांना खदानीच्या सावलीत पोत्यावर आडवं केलं आणि मनगटी घड्याळ काढून हातात धरलं.

"शेटजी, मी चोर. तुमी झोपलाय. कडी वाजली. उठा."

मन्मथप्पा उठले. गुडघ्यांमुळे त्यालाच जरा वेळ गेला.

"आता?"

"आता चष्मा."

"कुठं हाय?"

"कोनाड्यात."

"घेतला. मंग?"

"मंग कपाटाची किल्ली. ती तुमी सांगितल्यापरमानं लांब, देवघरात ठिवणार हाय."

"घ्या."

"देवघरात जायचं म्हंजी पाय धुवावे लागतेत, साहेब."

"धुवा," सुभेदार घड्याळावरची नजर न काढता म्हणाले. "धुतले. कपाट उघडलं. काडतुसं?"

"ती तिसऱ्या जागी. मालकीणबाईला इचारावं लागंल."

सुभेदारांनी घड्याळ परत मनगटावर बांधलं. "तवर मी तुमच्या दोन घागरी उचलल्या, मालकीणबाईंनी चहा टाकलेला तो पेलो अन् घाट चढून गेलो बी."

"मंग किल्ली जवळ ठिवू का?"

"जवळ ठिवली की चोराच्या आधी लेकरू पोचतंय."

"लांब ठिवली तर उपेग न्हाई, जवळ ठिवली तर धोका. मंग ट्रेनिंगचा फायदा काय, साहेब?"

"एवढं कळायला आठ दिवस लागतेत," सुभेदार म्हणाले. "काही जणांना जास्त."

जेवणाच्या सुट्टीत मन्मथप्पांनी डब्यातली धपाटी सुभेदारांपुढे सरकवली आणि विचारलं, "तुमच्या घरी कोणती हाय?"

"काय कोणती?"

"बंदूक."

"माझ्या घरी कुत्रं हाय," सुभेदार म्हणाले. "चोवीस वर्षं बंदूक वागवली, पर रोज सही करून घ्यायची अन् सही करून परत द्यायची. शस्त्रागाराला कुलूप, कुलपावर शिपाई, शिपायावर मी, माझ्यावर साहेब. एवढी माणसं लागतेत एक बंदूक नीट ठिवायला. घरी आमी दोघंच असतो." त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला. "लई चांगली झाली ही. कोणी केली?"

आठवडा संपला. मन्मथप्पा प्रमाणपत्र नळकांडीत घालून घरी आले. तुळजाभवानीच्या देवळात जावं तसे हातपाय धुऊन त्यांनी दुनळी घेतली, मोडली, दोन्ही नळ्यांत डोळा घातला. पलीकडचं आभाळ दिसलं. मग दोन दिवस ओसरीवर बसून रॉकेल आणि वाळूच्या कागदाने त्यांनी घोड्यांचा गंज काढला. सुईने तेल सोडलं. पंचवीस वर्षं न हललेले घोडे अंगठ्याने लोण्यात बोट फिरावं तसे मागे येऊ लागले. दानम्मा येता-जाता बघत होती.

"आता कसं?" मन्मथप्पांनी विचारलं.

"चकाचक दिसती," दानम्मा म्हणाली. "नवमीला बरी दिसंल."

मग सुभेदारांच्या नियमाप्रमाणे तीन जागा ठरल्या. बंदूक लोखंडी कपाटात, किल्ली एकीकडे, काडतुसं दुसरीकडे. "दोनी माझ्या हाताला लागता कामा नयेत अशा जागी तू ठिव," असं सांगून त्यांनी किल्ली आणि काडतुसांची डबी दानम्माच्या ताब्यात दिली. घरातली सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे तिचं देवघर. दोन्ही वस्तू तिने तिथेच ठेवल्या. प्रमाणपत्राला काच बसवून ते दुकानात, बसवेश्वरांच्या तसबिरीखाली लागलं. गिऱ्हाईकं वाचत आणि कढईचा भाव जरा नरमाईने करत.

खंडेनवमी आली. दुकानात तराजू-मापांची पूजा असे, ती मन्मथप्पांनी केली. घरात विळी, अडकित्ता, कातर आणि दुनळी मांडून दानम्माने केली. संध्याकाळी तिने कपाट लावून किल्ली देवाजवळ ठेवली. सगळं दरसालासारखं झालं.

आणि दिवाळीत पाडव्याच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, रोहिणी, केदारनाथ आणि राणी आले. रोहिणीने बोलल्याप्रमाणे बॅग दारातच ठेवली. राणीने आल्या आल्या अंगणात बसकण मारून टिकल्यांची डबी उघडली आणि ओसरीच्या पायरीवर एकेक टिकली दगडाने फोडायला सुरुवात केली. दानम्माने मोराची ताटली धुतली. आज तिला घासायचं कारण होतं.

"दाखवा," रोहिणी खुर्चीत बसत म्हणाली.

मन्मथप्पांनी घसा साफ केला. खदानीतलं सगळं त्यांनी सांगितलं: तीन जागा, दोन कुलपं, मोडणं, जोडणं. मग दानम्माकडून किल्ली मागून घेतली, सर्वांदेखत कपाट उघडलं आणि दुनळी बाहेर काढली. तेलाचा वास सुटला.

"वा, मामा!" केदारनाथ पुढे झाला. "बघू, किती जड आहे."

नियम ठाऊक होता. सक्ख्या भावाला देतानाही मोडून दाखवायची. पण ही त्यांनी स्वतः मोडून बघितली होती, स्वतः कपाटात ठेवली होती, आणि जावई हात पुढे करून उभा होता. पाडव्याच्या दिवशी जावयाला ताटकळत ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. मन्मथप्पांनी दुनळी त्याच्या हातात दिली.

केदारनाथने ती खांद्याला लावली आणि एक डोळा मिटला. नळीचं तोंड ओसरीच्या दाराकडे. त्याच्या अंगठ्याला घोडा सापडला.

"हे तर मस्त चालतायत की!"

"दोन दिवस तेल पाजलंय," मन्मथप्पा फुशारले.

"ओढून बघू?"

"ओढा की. भरलेली हाय!" असं म्हणून ते हसले. केदारनाथही हसला, सासुरवाडीची बोली त्याला आता समजत होती.

"भरलेली हाय वो," आतून दानम्मा म्हणाली.

दोघे आणखी हसले. रोहिणी हसली नाही.

"अप्पा, तुमच्या सुभेदारांनी काय शिकवलंय? देताना काय करायचं?"

"मोडून दाखवायची."

"मग मोडून दाखवा."

घोडा अर्धा मागे आला होता. केदारनाथने तो सावकाश पुढे सोडला आणि बंदूक परत दिली. मास्तरणीसमोर आपणच नापास होतोय असं वाटून मन्मथप्पांनी सुस्कारा टाकला आणि खदानीत शिकवलेल्या झोकात दुनळी मधून मोडली.

आभाळ दिसलं नाही.

दोन्ही नळ्यांत काडतुसांच्या बुडाच्या दोन पितळी चकत्या बसल्या होत्या. प्रत्येकीवर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. आणि एकीवर कुंकवाला चिकटलेला तांदळाचा एक दाणा.

बाहेर टिकली फुटली. तिघेही जागच्या जागी उडाले.

दानम्मा पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं? बसा ना. सांगितलं की मी, भरलेली हाय म्हणून."

"कोणी भरली?" मन्मथप्पांचा आवाज सुभेदारांपेक्षाही खाली गेला होता.

"मीच. नवमीला. सासूबाईंनी लावून दिलंय ते. बाईमाणसाला पूजेला बसवायचं अन् ओटी भरायची न्हाई, असं कसं? तांदूळ नळीत घातले तर नळी खराब होती म्हणायच्या. म्हणून तिची काडतुसंच तिला घालायची, दोन्ही नळ्यांत एकेक. मग हळदीकुकू."

"पस्तीस वर्षं?"

"दरसाल. अन् शिवरात्रीला काढायची. जास्त दिवस ठिवू नये म्हणायच्या सासूबाई, लई जपायच्या."

मन्मथप्पा बोटांवर काही मोजू लागले. "ह्या साली शिवरात्रीला तर ती ठाण्यात व्हती. निवडणुकीत."

"व्हय ना. म्हणून राहिलंच. मग आठवण झाली तवा पंचमीला काढली."

"नागपंचमीला," रोहिणी म्हणाली. "म्हणजे मे महिन्यात..."

अंगणात राणी नवी टिकली पायरीवर नीट मांडत होती.

मन्मथप्पा खाटेच्या कडेला टेकले. मोडलेली दुनळी मांडीवर. मे महिन्यात लेकरू तिच्यावर बसून ओसरीभर फिरलं तेव्हा ती भरलेली होती; आणि त्या दिवशी जे वाचवलं ते गंजाने. तो गंज त्यांनी आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, दोन दिवस घासून, स्वतःच्या हाताने काढला होता. प्रमाणपत्रावर याचा उल्लेख नव्हता.

"तू मला कधी सांगितलं कावून न्हाई?"

दानम्माला प्रश्नच कळेना. "दरसाल सांगते की! नवमीच्या दिवशी तुमी दुकानातून येऊन इचारता, 'भरलेली हाय का?' मी म्हणते, 'हाय.' मग तुमी हसता. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

पस्तीस वर्षांच्या संसारात बायको वर्षातून एक दिवस अक्षरशः खरं बोलत होती, आणि त्या एका दिवशी ते हसत होते.

रोहिणी उठली. मन्मथप्पांना वाटलं, बॅगेकडे चालली. ती अंगणात गेली आणि राणीजवळ पायरीवर बसून राहिली. बॅग दारात तशीच. उचललीही नव्हती, उघडलीही नव्हती.

मन्मथप्पांनी काडतुसं काढून रुमालात बांधली. कुंकू पुसलं नाही. ते पुसणं त्यांच्या हातून झालं नसतं. दुनळी धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि जोडे घातले.

"जेवून तरी जा," दानम्मा म्हणाली. "पुरण शिजलंय."

"येतो."

ठाण्यात सुंदरराव जमादार एकटेच होते. पाडव्यामुळे टेबलावर चिवड्याची पुडी होती.

"या, बंदुकीवाले! आता कुठली निवडणूक लागली?"

"लागंल की आज ना उद्या. मी कायमची द्यायला आलोय. परवाना बी परत करायचाय. अर्ज कसा ते सांगा."

सुंदररावांनी बराच वेळ समजावलं. पन्नास वर्षांची वस्तू, घराण्याचं नाव, शिवाय आत्ताच कुठे ट्रेनिंग झालेलं. मन्मथप्पा मान हलवत राहिले. चालून आल्यामुळे गुडघ्यात ठणका लागला होता आणि कशावरही वाद घालायची ताकद नव्हती. शेवटी सुंदररावांनी पावतीपुस्तक ओढलं आणि सवयीने लिहिलं, 'दुनळी एक, रिकामी'.

"थांबा. आधी मोडून बघा."

"त्यात काय बघायचं, शेटजी? तुमी तर आता सर्टिफिकेटवाले."

"म्हणूनच म्हणतो. सुंदरराव, माघात ही इथं तुमच्या खोलीत दीड महिना व्हती ना? तवा ती भरलेली व्हती."

"भरलेली व्हय!" सुंदरराव चिवडा तोंडात टाकत हसले. "आमची मंडळी बी तांदळाच्या डब्याला असंच म्हणती."

मन्मथप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच फडकं सोडलं, दुनळी मोडली आणि दोन्ही नळ्या जमादाराच्या डोळ्यांसमोर धरल्या. पलीकडून त्यांना सुंदररावांचा एक डोळा दिसला; चिवडा खाता खाता थांबलेला.

"काय दिसतंय?"

"तुमी दिसताय."

"आता लिवा," मन्मथप्पा म्हणाले, आणि रुमाल सोडून काडतुसं टेबलावर ठेवली. त्यांवरचं कुंकू बघून सुंदररावांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. पण तोवर शिक्का बसलेली पावती घेऊन मन्मथप्पा पायऱ्या उतरले होते.

घरी आले तेव्हा ओसरी शांत होती. दारात बॅग नव्हती.

जोडे न काढताच ते आत गेले. दानम्मा तव्यावर पोळी टाकत होती. लोखंडी कपाट लावलेलं होतं.

"गेले?"

"कोण? जावईबापू हातपाय धुतेत मागं."

"अन् कपाटात आता काय हाय?"

"भरलेलं हाय," दानम्मा म्हणाली.

मन्मथप्पांनी कपाटाकडे बघितलं. मागच्या दारातून आलेला केदारनाथ टॉवेलसकट थबकला. आतल्या खोलीतून रोहिणी तडक बाहेर आली. तिघे एकदमच कपाटापाशी पोचले आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मग मन्मथप्पांनी, आठ दिवसांचं शिक्षण झालेला माणूस म्हणून, एका बाजूला उभं राहून, सावकाश दार उघडलं.

आत जिथे दुनळी उभी असे तिथे एक वाटी तांदूळ आणि त्यावर सुपारी होती. वरच्या कप्प्यात राणीचे चार फ्रॉक घडी घालून ठेवलेले.

"ते मी ठेवलेत," रोहिणी म्हणाली, जरा ओशाळून. "घरात दुसरीकडे जागा नाही."

"सांगितलं ना मी," दानम्मा पोळी उलटत म्हणाली. "तुमी कुणी ऐकतच न्हाई."

प्रमाणपत्र मात्र दुकानात तसंच राहिलं. त्याचा खिळा फार घट्ट बसला होता. गिऱ्हाईकं विचारत, "शेटजी, बंदूक कुठंय?" मन्मथप्पा चार दाणे परातीत टाकत आणि म्हणत, "हाय की. भरलेली हाय." आणि गिऱ्हाईक ज्याचं त्याने समजून घेई.